कोरं फडकं

“हे दूध नव्हे, खळ झाली,” असं म्हणून नर्सबाईंनी पातेल्यात चमचा उभा केला आणि हात काढून घेतला. चमचा उभाच राहिला. “भिंतीला कागद चिकटवायचे असले तर याच्यासारखं दुसरं काही नाही.”

डिग्रीकाकांनी गॅस बंद केला. सकाळचे साडेनऊ वाजले होते. ओट्स भरलेला डबा उघडाच पडला होता, मिक्सरचं भांडं उपडं होतं, आणि पातेल्यातला करडा गोळा अजून एखाददुसरा फुगा सोडत होता.

“उकळी आल्याशिवाय दूध उतरवायचं कसं?” काका म्हणाले.

“पण यात दूध आहे कुठे? धान्य आहे हे. धान्य आणि पाणी आचेवर चढवलं की शिजणारच. एवढं कळायला नर्स व्हावं लागत नाही.”

“चांगलं ढवळत होतो.”

“म्हणूनच एवढी छान खळ झाली.”

नर्सबाई समोरच्या घरात राहत. बत्तीस वर्षं इस्पितळात काढून आता त्या घरी बसल्या होत्या, पण हुकूम सोडायची सवय काही गेली नव्हती. त्यांनी चमचा उपटून काढला आणि मोरीत टाकला. “परवा चांगलं झालेलं तुम्ही ओतून दिलंत. काल पिळून पिळून शेंबडासारखं बुळबुळीत केलंत. आज उकळलंत. उद्या काय, विरजण लावणार?”

“परवाचं नासलं होतं. वर पाणी, खाली गाळ. फाटलेलं दूध मला ओळखू येत नाही होय?”

“ते तसंच बसतं, डिग्री. बाटली हलवली की पुन्हा एक होतं.”

फाटलेलं दूध हलवून एक होत नाही, हे काकांना आयुष्यभर पक्कं ठाऊक होतं. हे दूधच वेगळं होतं. त्यांना जे जे येत होतं ते सगळं इथे उलटं पडत होतं. आणि आज बुधवार. रविवारी सून त्यांचं काम बघायला येणार होती.

डिग्रीकाकांकडे कुठल्या कॉलेजची डिग्री नव्हती. शाळा चौथीतच सुटली होती. वस्तीच्या टोकाला असलेल्या दूध केंद्रावर ते अडतीस वर्षं दूध तपासायला होते. सकाळी लोक कॅन घेऊन रांग लावायचे. काका दुधात काचेची नळी सोडायचे. ती वरखाली डुलून स्थिर झाली की डोळे बारीक करून आकडा वाचायचे. “अठ्ठावीस डिग्री, घ्या आत.” “चोवीस डिग्री, न्या परत.” त्यावरून नाव पडलं ते पडलंच. पुढे पुढे खरं नाव विचारलं तर बायकोसुद्धा क्षणभर थांबायची.

माणूस वाईट नव्हता, पण कडक होता. कुणी म्हणायचं, “साहेब, पाणी पडलं नसेल हो त्यात.” की काका नळी पुसत म्हणायचे, “नसेल म्हणजे काय? आहे की नाही, ते बोला.” ‘नसेल’ या शब्दाचा त्यांना भारी तिटकारा. एकदा एका बाईच्या कॅनच्या झाकणाला आंबूस वास आला. दूध वरून चांगलं दिसत होतं. काकांनी आठ लिटर तिथल्या तिथे ओतायला लावलं, कारण एका कॅनपायी सगळी टाकी नासते. बाई रडली नाही. रिकामा कॅन उचलता उचलता एवढंच म्हणाली, “स्वतःच्या घरचं कधी ओतलं नाही ना तुम्ही, म्हणून जमतं.” काकांना त्याचं हसू आलं होतं. ते त्यांनी घरी येऊन बायकोलाही सांगितलं. बायको हसली नव्हती.

बायको जाऊन तीन वर्षं झाली. आता खालच्या खोलीत काका एकटे राहत. मागच्या दाराबाहेर लहानसं अंगण, त्यात कपडे वाळवायची एक तार. वरच्या दोन खोल्यांत मुलगा, सून आणि चार वर्षांची नात. मुलगा बस डेपोत मेकॅनिक होता. सून घरीच मशीनवर शिवणकाम करायची. नातीला सगळे चिमणी म्हणत, कारण तिची टकळी उठल्यापासून झोपेपर्यंत चालू असायची.

चिमणीला दूध चालत नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. दुधाचा थेंबसुद्धा नको, म्हणाले होते. सुनेने ते ऐकलं, मुलाने ऐकलं. काकांच्या मात्र ते कानात शिरलं आणि मनात शिरलं नाही. “दुधाने पोर आजारी पडतं? मग जगातली पोरं काय वाऱ्यावर वाढली?” असं ते केंद्रावरच्या जुन्या माणसांना विचारायचे, आणि ती माणसंही दुधावरच जगलेली, त्यामुळे माना डोलवायची.

आठ महिन्यांपूर्वीची गोष्ट. सून दोरा आणायला बाहेर गेली होती. चिमणी खाली खेळत होती. पोर हडकुळी दिसते, असं काकांच्या मनात कित्येक दिवस होतं. त्यांनी अर्धा कप दूध कोमट केलं, साखर घातली आणि तिच्या हातात दिलं. ती आवडीने प्यायली. काका खूश झाले. पाच मिनिटांत तिचे ओठ सुजले. मग अंगावर गांध्या उठल्या. मग तिचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. तिला छातीशी धरून काका अनवाणी रस्त्यावर धावले. नर्सबाईंनी खिडकीतून पाहिलं, खाली येऊन एका गाडीसमोर आडव्या उभ्या राहिल्या, म्हणून वेळेवर पोचले.

सून इस्पितळात आली तेव्हा दोऱ्याचं रीळ तिच्या मुठीतच होतं.

“काय दिलं तिला?” तिने विचारलं.

“दूध.”

ती आत गेली. त्यानंतर त्या विषयावर तिने तोंडातून ब्र काढला नाही. दोन दिवसांनी पोर घरी आली, हसायला बोलायला लागली, तरी नाही. ती ओरडली असती, चार माणसांत वाभाडे काढले असते, तर काकांनी मान खाली घालून ऐकून घेतलं असतं आणि गोष्ट केव्हातरी जुनी झाली असती. न बोललेली गोष्ट जुनी होत नाही. दोन्ही वेळचं जेवण वेळेवर खाली यायचं, गरम असायचं. “बाबा, जेवून घ्या,” इतकंच ती म्हणायची. चिमणी मात्र एकटी खाली येत नसे. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून ती आबाशी गप्पा मारायची आणि वर मशीन चालता चालता मधूनच थांबायचं. सून कानोसा घेते आहे, हे काकांना कळायचं.

काकांनी दूध सोडलं. कुणी सांगितलं नव्हतं. चहा कोरा प्यायला लागले. दुधाची पातेली, कॅन, मापं, सगळं केंद्रावर नेऊन देऊन टाकलं. काचेची नळी तेवढी कपाटात ठेवली. आणि एक फडकं राहिलं. बायकोच्या उशीचा अभ्रा विरला तेव्हा तिनेच त्याचे चार तुकडे करून एकाचं दूध गाळायचं फडकं केलं होतं. इतकी वर्षं ते मागच्या दाराजवळच्या खिळ्याला लटकत होतं. काकांनी ते तीनदा उकळत्या पाण्यातून काढलं, वाळवलं आणि फेकायला म्हणून हातात घेतलं. मग पुन्हा खिळ्यालाच अडकवलं.

गेल्या आठवड्यात मुलगा डेपोतून आला तो वर न जाता थेट काकांच्या खोलीत येऊन बसला.

“बाबा, हिला युनिफॉर्मच्या कारखान्यात घेतलंय. कापड बेतायच्या कामावर. पुढच्या सोमवारपासून.”

“चांगलं झालं की. हात चांगला आहे तिचा.”

“चिमणीचा प्रश्न आहे. कोपऱ्यावरचं पाळणाघर बघून आलो. पंधरा पोरं आणि पंधरा दुधाचे कप. ही म्हणते, एकीने दुसरीचा कप तोंडाला लावला तर? रात्रभर तेच चाललं होतं तिचं.”

“मग?”

“मी म्हटलं, बाबा आहेत की खाली.”

“काय म्हणाली?”

मुलगा बोटांना लागलेलं ग्रीस रुमालाने पुसत राहिला. पुसून झालं तरी पुसत राहिला. “तिचं काय आहे बाबा, दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही...”

“तिचं तोंड नाही पोळलं,” काका म्हणाले. “पोरीचं पोळलं. आणि ते मी पोळलं. नीट बोल.”

मुलाने रुमाल खिशात घातला.

“ती वर ते ओट्सचं दूध करते ना? ते मला शिकू दे. एवढ्यातेवढ्यासाठी पोरीला बाहेर ठेवायला नको. पुढच्या रविवारी येऊन बघ म्हणावं माझं काम. नाही पटलं तर पाळणाघर आहेच.”

मुलगा वर गेला. बऱ्याच वेळाने तो जिन्यातूनच वाकून म्हणाला, “बघीन म्हणाली.”

काका दुसऱ्या दिवशी बाजारात गेले. नर्सबाईंनी बजावून ठेवलं होतं, “सगळं कोरं आणायचं. ज्याला एकदा दूध लागलं ते पोरीच्या वाटेला जाता कामा नये, मग ते किती का घासलेलं असेना.” त्यांनी नवं पातेलं आणलं, मिक्सरचं नवं भांडं, काचेची बाटली, दोन चमचे आणि हातभर पांढरं सुती कापड. कापड रोज धुऊन ते अंगणातल्या तारेवर दोन चिमटे लावून वाळत घालू लागले. भांडी एका वेगळ्या फळीवर मांडली आणि फळीवर पडदा लावला.

सामान आलं, पण हात जुनेच होते.

गुरुवारी नर्सबाई खुर्ची ओढून मधोमध बसल्या. “आता मी सांगते तेवढंच करायचं. एक वाटी ओट्स. चार वाट्या पाणी.”

“कोमट?”

“गार. अगदी गार. मिक्सर लावा आणि तीस मोजा. एकतीस नाही.”

काकांनी मोठ्याने तीस मोजले.

“आता फडक्यात ओता. पातेल्यावर नीट बांधा. हं, सोडा हात.”

“आणि?”

“आणि काही नाही. उभे राहा.”

“पिळायचं नाही?”

“पिळलं की चिकट होतं. जेवढं आपणहून गळेल तेवढंच आपलं.”

काका उभे राहिले. थेंब थेंब दूध पातेल्यात पडत होतं. त्यांचे हात दोनदा पुढे गेले. लहानपणी गाय पिळलेले, मोठेपणी हजारो कॅन उचललेले हात; गळती वस्तू दिसली की ते आपोआप वळायचे.

“हात मागे बांधा,” नर्सबाई म्हणाल्या. “शाळेत उभं करायचे ना, तसे.”

“शाळेत होतो कुठे फार.”

“मग आता उभे राहा.”

काकांनी हात मागे बांधले. दहा मिनिटं ते फडक्याकडे बघत उभे होते. शेवटी चिमूटभर मीठ घालून नर्सबाईंनी चव घेतली आणि ओठ चोखत म्हणाल्या, “दूध झालं. पण कचकच लागते. कापडाची वीण विरळ आहे.”

शुक्रवारी काकांनी कापडाची दुहेरी घडी घातली. कचकच कमी झाली. शनिवारी आणखी कमी. बाटलीत वर पाणी आणि खाली गाळ बसला तेव्हा त्यांनी जीव मुठीत धरून बाटली हलवली, आणि दूध खरंच एक झालं. ते बाटली उजेडात धरून किती वेळ बघत राहिले. नर्सबाईंकडे पेला पाठवला तर रिकामा पेला आणि निरोप आला: चालेल.

शनिवारी संध्याकाळी सुनेने मशीनला तेल दिलं आणि त्यावर कापड झाकलं. घरचं शिवण आता बंद.

रविवारी मुलाची डेपोत पाळी होती. दहा वाजता सून चिमणीचा हात धरून खाली आली. दुसऱ्या हातात चिमणीचा निळा कप होता, झाकणाचा.

“तू पायरीवर बस,” तिने चिमणीला सांगितलं.

तिने आधी फळीवरचा पडदा बाजूला केला. पातेलं उचलून आतून बोट फिरवलं. मिक्सरच्या भांड्याचा वास घेतला. बाटली उलटी करून उजेडात धरली. डब्याचं झाकण उघडून पाहिलं. काका भिंतीला टेकून उभे होते. अडतीस वर्षं त्यांनी लोकांची भांडी अशीच हुंगली होती. रांगेतल्या माणसाला तेव्हा कसं वाटत असेल, हे कधी डोक्यातही आलं नव्हतं.

“करा,” सून म्हणाली.

एक वाटी, चार वाट्या. मिक्सर सुरू झाला. पायरीवरून चिमणीही त्यांच्याबरोबर मोजायला लागली, सोळानंतर तिने थेट वीस गाठले. तीसला काकांनी बटण बंद केलं. हात मागे गेला, दाराजवळचं फडकं ओढलं, पातेल्यावर पसरून बांधलं. मिश्रण ओतलं. मग त्यांनी हात मागे बांधले.

“आबा, तुला शिक्षा केली?” चिमणीने विचारलं.

“हो.”

“कुणी?”

“नर्सबाईंनी.”

चिमणीनेही उभं राहून हात मागे बांधले. सुनेच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. तिघंही गळणाऱ्या थेंबांकडे बघत राहिली.

दूध नेहमीपेक्षा सावकाश उतरलं, पण असं कधीच उतरलं नव्हतं. पांढरंशुभ्र, आणि कण म्हणून नाही. सुनेने चमचाभर घेतलं, जिभेवर घोळवलं, पुन्हा एक चमचा घेतलं.

“माझ्यात कचकच राहते,” ती म्हणाली. “तुमच्यात नाही. कसं केलंत?”

आठ महिन्यांत तिने त्यांना विचारलेला हा पहिला प्रश्न. “पिळायचं नाही,” ते म्हणाले. “आपणहून गळेल तेवढंच घ्यायचं.”

सुनेने निळ्या कपात दूध ओतलं, झाकण लावलं आणि कप चिमणीच्या हातात दिला. चिमणी पायरीवर बसली, कप गुडघ्यांत धरला आणि झाकणाशी झटू लागली.

काका समाधानाने मागच्या दाराकडे वळले. अंगणात ऊन पडलं होतं. तारेवर दोन चिमट्यांत पांढरं सुती कापड होतं, कालचं धुतलेलं, कोरडं ठणठणीत. वाऱ्याने हलत होतं.

त्यांनी पातेल्याकडे पाहिलं. मग खिळ्याकडे.

“थांब,” ते म्हणाले. “देऊ नको तिला.”

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत सुनेने कप ओढून घेतला होता. “प्यालीस? तोंड उघड. प्यालीस का?”

“नाही ना,” चिमणी कुरकुरली. “झाकण घट्ट आहे.”

सुनेने तिचे ओठ पाहिले, बोटं पाहिली. मग काकांकडे पाहिलं.

“फडकं चुकलं,” काका म्हणाले. “नवं बाहेर तारेवर आहे. हे जुनं, तुझ्या सासूच्या अभ्र्याचं. दूध यातूनच गाळायचो. हाताच्या सवयीने ओढलं.”

“दूध कधी लागलं होतं याला?”

“आठ महिने झाले. त्यानंतर या घरात दूध आलं नाही. तीनदा उकळून काढलंय. आता त्यात काही...”

पुढचा शब्द जिभेवर आला होता. तो त्यांनी गिळला.

“मला माहीत नाही,” ते म्हणाले.

त्यांनी सुनेच्या हातातून कप घेतला, मोरीत रिकामा केला. मग पातेलं उचललं आणि सगळंच्या सगळं ओतलं. पांढरा ओघळ मोरीच्या कडेने वळसा घेत जाळीत गेला. ते दूध त्यांच्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं दूध होतं. झाकणाला वास आलेल्या कॅनची ती बाई त्यांना आठवली. तिचा चेहरा आठवेना, रिकामा कॅन उचलणारा हात तेवढा आठवला.

“आबाने माझं दूध सांडलं,” चिमणी म्हणाली.

“सांडलं नाही. ओतलं,” काका म्हणाले. “माझं चुकलं होतं.”

सुनेने चिमणीला कडेवर घेतलं आणि ती वर निघून गेली. जिन्यावर तिची पावलं ना जोरात वाजली ना हळू.

दुपारी नर्सबाई आल्या. काकांनी पातेलं, भांडं, बाटली, सगळं घासून पुन्हा घासायला घेतलं होतं.

“झालं ते वरून कळलं मला,” त्या खुर्चीत बसत म्हणाल्या. “गप्प राहिला असतात तर कदाचित काहीच झालं नसतं.”

“गप्प राहिलो असतो तर पोर उद्यापासून माझ्याकडे असती,” काका म्हणाले. “आणि ते फडकं खिळ्यावर असतं.”

नर्सबाईंनी उठून एक चमचा पुसला आणि जागेवर ठेवला.

चार वाजता वर मशीन सुरू झालं. काका चमकले, काल तर तिने ते झाकून ठेवलं होतं. थोडा वेळ चाललं, थांबलं, पुन्हा चाललं. पाळणाघरात न्यायची पिशवी शिवत असेल, असं त्यांच्या मनात आलं. नाव घालायचं असतं पिशवीवर, डब्यावर, कपावर. ते कोरा चहा घेऊन मागच्या दारात बसले. तारेवरचं कापड अजून तसंच होतं. ते काढावं असं त्यांना वाटलं नाही.

सोमवारी सकाळी आठला जिन्यात पावलं वाजली. सून कामाचे कपडे घालून, केस घट्ट बांधून खाली आली. मागे चिमणी. सुनेच्या हातात एक कोरं पातेलं होतं, त्यात नवा निळा कप आणि एक पांढरी पिशवी. पिशवी पाळणाघराची नव्हती. घट्ट विणीच्या कापडाची, खाली निमुळती, तोंडाशी ओवलेली नाडी. शिवणी आतल्या बाजूला दुमडून वर दुहेरी टीप घातली होती, म्हणजे एकही धागा सुटायला नको. आणि काठाला सगळीकडून लाल दोरा.

“कोऱ्या कापडाची आहे,” ती म्हणाली. “काल धुऊन वाळवली. कचकच राहणार नाही. लाल दोरा मुद्दाम घातलाय. हातात दुसरं काही आलं तर लाल दिसणार नाही.”

काकांनी पिशवी दोन्ही हातांत घेतली. “पाळणाघराला...?”

“नाही म्हणून कळवलं.” ती चिमणीच्या केसातली पिन नीट करत राहिली. मग त्यांच्याकडे न बघताच म्हणाली, “आठ महिने मला एकच कळत नव्हतं, बाबा. तुम्हाला चुकल्याचं वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. पण खरंच पटलंय का, ते कळत नव्हतं. विचारायची हिंमत होईना. पटलं नाही म्हणाला असतात तर पुढे काय करायचं?”

काकांना जे बोलायचं होतं ते काल मोरीत ओतून झालं होतं.

सुनेने तातडीच्या औषधाची छोटी पेटी पडद्याच्या फळीवर ठेवली. ती कशी उघडायची ते दाखवलं, मग त्यांना उघडायला लावलं, मग पुन्हा एकदा. “दुसरी नर्सबाईंकडे आहे. कारखान्याचा फोन भिंतीवर लिहिलाय. मोठ्या अक्षरात.”

“आणि दूध चुकलं तर?”

“चुकलं तर ओता. ओट्स पुष्कळ आहेत.”

ती निघाली. फाटकापर्यंत गेली, कडी काढली, तिथे क्षणभर थांबली. काकांना वाटलं, वळून बघेल. ती वळली नाही. कडी लावून रस्त्याला लागली.

“आबा,” चिमणी म्हणाली. ती तिसरी पायरी सोडून थेट खोलीत आली होती. “कर ना.”

एक वाटी, चार वाट्या, तीस. या वेळी सोळानंतर सतरा आलं. काकांनी लाल काठ डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, मग मिश्रण ओतलं.

“हात मागे,” चिमणीने हुकूम सोडला.

दोघं हात मागे बांधून उभी राहिली. दूध गळायचं थांबलं तेव्हा काकांनी कप भरला आणि झाकण लावण्याआधी एकदा पातेलं, पिशवी, चमचा, सगळ्यांवरून नजर फिरवली. मग कप दिला. ती पीत होती तोवर ते तिच्या ओठांकडे बघत होते, प्यायल्यावरही कितीतरी वेळ बघत होते.

“आईचं जास्त छान असतं,” चिमणी दुधाच्या मिशा पुसत म्हणाली.

“असणारच.”

मग काकांनी खोक्यातून हातोडी काढली. समोरच्या भिंतीवर, जिथे खिडकीतून ऊन येतं तिथे, पोरीचा हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर नवा खिळा ठोकला. पिशवी धुऊन त्याला अडकवली. जुनं फडकं काढलं, घडी केली, पुन्हा उलगडून नीट घडी केली आणि कपाटात काचेच्या नळीशेजारी ठेवलं.

मागच्या दाराजवळ जुना खिळा राहिला. त्याच्याखाली भिंतीवर एक फिकट चौकोन होता, इतकी वर्षं फडक्याने झाकलेला.

“याला काय लावायचं, आबा?”

“काही नाही,” काका म्हणाले, आणि पातेलं घासायला बसले.